तिसऱ्या उडीनंतर

प्रशिक्षकांनी वॉकीटॉकी माझ्या कानाशी धरला. खाली पोचलेल्या खेळाडूनं वर थांबलेल्या आपल्या संघातल्या मुलीला उताराची खबर द्यायची, ही स्कीइंगमधली रीतच. पण आज खाली माझी ताई होती. आशियाई स्पर्धेत पहिल्या क्रमांकावर, आघाडीच्या खेळाडूसाठी मांडलेल्या खुर्चीत बसलेली.

“तिसऱ्या उडीनंतर आतून वळू नकोस. बर्फाची नुसती काच झालीय, तिथंच माझा वेळ गेला. बाहेरून जा.”

बाहेरचा रस्ता लांबचा. सकाळी आम्ही दोघींनी मिळून आतलाच ठरवला होता. आणि ताईनं मला आजवर साधा कॅरमचा डावसुद्धा जिंकू दिला नव्हता.

शेवटचा बीप वाजला आणि मी स्वतःला उतारावर झोकून दिलं. पहिली उडी, दुसरी उडी, कानात नुसता वारा. तिसरीला हवेत असतानाही माझं ठरत नव्हतं. खाली टेकले आणि बाहेरून गेले.

फलकावर माझं नाव ताईच्या वर चढलं. फरक सेकंदाच्या चार शतांशांचा.

धापा टाकत मी पोचले, तेव्हा ती खुर्चीतून उठलेलीच होती.

“बस,” ती म्हणाली. “गरम करून ठेवलीय.”