सोळाशेच्या वर

"हलू नका ना, बाबा," असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली.

बाबांची मान हलतच होती. ती थांबवणं त्यांच्या हातात असतं तर आणखी काय हवं होतं! ते हात असलेल्या खुर्चीत बसले होते आणि मागे आई त्यांचे खांदे धरून उभी होती. दुपारची वेळ, तरी पडदे ओढलेले. या दुखण्यात उजेड त्यांच्या डोळ्यांना सोसेनासा झाला होता. दिवा लावायचा नाही, फ्लॅश तर नाहीच. जन्मभर नाटकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा धड म्हणावा असा एक फोटो घरात नव्हता. सकाळी त्यांनीच विषय काढला होता. "बसता येतंय तोवर काढून घे. तुझा नवा कॅमेरा कसा आहे तेही कळेल."

काल त्यांना बसता आलं नव्हतं. उद्याचं कोणी सांगावं.

तिनं बटण दाबलं. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याचं शटर सावकाश उघडलं, सावकाश मिटलं.

"दाखव."

तिनं स्क्रीन त्यांच्यासमोर धरला. बाबांनी डोळे बारीक केले.

"भिंत सुरेख आली आहे. रंगाचा पोपडा न् पोपडा दिसतोय. आणि भिंतीपुढे हे धुकं कोण बसलंय?"

आईला हसू आलं नाही. "ह्यांना दम लागतोय," ती म्हणाली.

"आयएसओ किती ठेवलास?"

"सोळाशे."

"का?"

"वर गेलं की दाणे येतात. तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावरच तिचा हात बसला होता. अंधारात त्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, जरा ताणला की शटर झटकन मिटायचं, पण सावल्यांमध्ये रंगीत वाळू सांडल्यासारखे ठिपके उठायचे, म्हणून त्यांनी तिला सोळाशेची रेघ आखून दिली होती. कॅमेरा तिनं बदलला, पण बोट अजून त्या रेघेशी येऊन अडत होतं. आणि आज तर दाणा एकही नको होता. हा फोटो भिंतीवर मोठा लागणार होता. तो कधी लागणार, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"ती वेसण त्या कॅमेऱ्याची," बाबा म्हणाले. "ह्याला कशाला घालतेस?"

"एवढ्यातच जमेल, बाबा. आई, जरा घट्ट धर ना त्यांना."

आईनं धरलं. बाबांनीही ओठ आवळले, मान ताठ केली, श्वास रोखून धरला. शटर उघडलं. ते मिटायच्या आत रोखलेला श्वास फुटला आणि खोकल्याची उबळ आली. ती निवली तोवर बाबा खुर्चीत थोडे घसरले होते.

"पुरे आता," आई म्हणाली. "निजवू या ह्यांना. मोठा फोटो लागून गेलाय."

"एक अजून," बाबा म्हणाले. आवाज खोल गेला होता. मग मुलीकडे बघत, "भिंतीचा काढायचा असेल तर मी निजतो. माझा काढायचा असेल तर चाक फिरव."

"खराब आला तर?"

"दाणे खपतात गं. हललेला फोटो नाही खपत. माझं हलणं बंद व्हायची वाट बघणार आहेस का?"

आईनं मान दुसरीकडे वळवली.

तिनं आयएसओचं चाक फिरवलं. बत्तीसशे. चौसष्टशे. बारा हजारांच्या वर गेली, आणखी एक टप्पा चढली, आणि दाबलं. या वेळी शटर चुटकी वाजवावी तसं वाजलं.

स्क्रीनवर बोटं ताणून तिनं फोटो मोठा केला. दाणे होते. पडद्यावर, भिंतीवर, बाबांच्या गालांवर बारीक पीठ भुरभुरल्यासारखे. पण त्या पिठातून बाबा सरळ तिच्याकडे बघत होते. पापणीचा केस न् केस सुटा. तिची नजर ओठांवर आली, आवळलेल्या जबड्यावर आली, मग खाली खांद्यावर आली आणि तिथेच थांबली.

खांद्यावर आईची बोटं होती. नुसती ठेवलेली नव्हती, रुतलेली होती. नखं पांढरी पडली होती आणि सदरा त्यांच्याखाली चुरगळून गोळा झाला होता. सगळा जीव हातांत आणून आई ते शरीर एका जागी दाबून धरून होती.

"दाणे आले?" बाबांनी विचारलं.

"आले."

"आणि मी?"

तिनं पलंगावरची उशी उचलली आणि खुर्चीच्या हाताशी, त्यांच्या बरगडीला लागून खोचली.

"आई, सोड त्यांना."

"अगं, पडतील."

"उशी आहे. नाही पडत." ती पुन्हा कॅमेऱ्यामागे गेली. "हलू देत."

आईनं बोटं सोडवली, एकदम नाही, एकेक करून. सदऱ्यावर वळ राहिले. मोकळ्या झालेल्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते पदराला पुसले.

"अशी पाहुण्यासारखी मागे काय उभी राहतेस," बाबा म्हणाले. "पुढे ये. इथे, माझ्या उजव्या हाताला. हनुवटी वर."

आई पुढे आली. हनुवटी वर केली. बाबांची मान सुटली आणि आपल्या लयीत डुलू लागली, कुणाच्या तरी म्हणण्याला हो हो म्हणत असावेत तशी.