साखऱ्याच्या माळावरचा निवारा

पाकिस्तानच्या लढाईत विमानांपासून लपायला साखऱ्याच्या माळावर बांधलेल्या निवाऱ्यात शेळीचं करडू शिरलं, तशी यशोदाबाई भर दुपारी त्याच्यामागं उतरली.

दम खायला ओट्यावर टेकली, तर ओटा उबदार.

"सरक की बाई, आमी कधीच्या उभ्या हाओत," अंधारातून कुणीतरी बोललं.

ती दचकून उठली, पण मागून कुणीतरी पदर घट्ट धरलेला.

"काहून निघालीस? धोका टळल्याचा भोंगा झाला न्हाई अजून."

वरून नवऱ्यानं, ज्ञानबानं, हाक मारली. भूत दोनदाच हाक मारतं, म्हणून अशा जागी तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, हे तिनं जन्मभर पाळलेलं. देवाचं नाव घेत ती थांबली.

त्यानं दुसरी हाक मारली.

"आले की वो," वर तिचाच आवाज म्हणाला.

"किती येळ लावलास गं!" ज्ञानबा हसला, आणि शेळ्यांच्या घंटा गावाकडं निघाल्या.