मंगळवार-शुक्रवारची गाडी

ललितनं एसी बंद केला आणि काचा अर्ध्या खाली घेतल्या. मे महिन्यातली दुपार, सोनगीरच्या पुढचा रस्ता. भट्टीचं दार उघडावं तशी हवा आत शिरली.

"अहो, लावा ना परत," शेजारी बसलेली डिंपल म्हणाली. "आईंचं आत्ताच डायलिसिस झालंय."

"एसी बॅटरी खातो. मध्येच बंद पडली तर?"

मागच्या सीटवर त्याची आई, भागाबाई, डोळे मिटून पडली होती. गाडी त्यांची नव्हती. शोरूमवाल्यांनी दोन दिवस चालवून बघायला दिली होती. शिंदखेड्याहून धुळे आणि धुळ्याहून परत, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, एवढाच ललितचा प्रवास. जुनी पेट्रोलची गाडी त्या फेऱ्यांनी पार थकली होती आणि त्याच्या स्टेशनरीच्या दुकानाचा गल्लाही. म्हणून इलेक्ट्रिक घ्यायची की नाही, याचा खल घरात दिवाळीपासून चालला होता. खल म्हणजे डिंपल बोलायची आणि ललित घाबरायचा.

घाबरायला त्याला काहीही पुरायचं. वाटेत चार्जिंगची सोय नसली तर? असली, पण नेमकी लाइट गेली तर? या उन्हात बॅटरीच पेटली तर? गाडी अजून दारात आली नव्हती आणि यानं ती मनातल्या मनात कितीदा तरी ढकलत घरी आणली होती. मित्र हसायचे. तोही हसायचा, पण रात्री त्याला झोप लागत नसे.

काल शोरूममधला सुकदेव गाडी घेऊन घरी आला, तेव्हा त्यानं सगळं नीट समजावलं होतं. "घ्यायला महाग पडते भाऊ, खरंय. पण चालवायला स्वस्त. जितकी जास्त फिरवाल तितकी लवकर परवडेल. तुमच्या धुळ्याच्या फेऱ्या अशाच पाच वर्षं चालल्या, की जास्तीचे पैसे वसूल. तोवर फेऱ्या चालतील ना?"

"एका चार्जिंगमध्ये किती जाते म्हणालात?" असं ललितनं पुन्हा विचारलं. सुकदेवनं ते आधीच सांगून झालं होतं. बिचाऱ्यानं पुन्हा सांगितलं.

चिमठाण्याच्या अलीकडे डिंपलनं मागे वळून पाहिलं.

"आई?"

भागाबाईची मान एका बाजूला कलली होती.

"आई! अहो, गाडी थांबवा. आधी थांबवा!"

ललितनं गाडी एका लिंबाखाली घेतली आणि मागचं दार उघडलं. भागाबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम, आणि हात मात्र गार. घोटभर पाणी पाजावं, तर डॉक्टरांनी पाण्यावरही बंधन घातलेलं. डिंपलनं काचा वर केल्या, एसी लावला, ओढणी ओली करून त्यांच्या कपाळावर ठेवली. ललित मात्र दारातच गुडघ्यांवर बसून राहिला.

"माय... ए माय... डोळा उघाड ना, माय."

बऱ्याच वेळानं पापण्या हलल्या.

"गाडी बंद पडनी का रे?" भागाबाईनं क्षीण आवाजात विचारलं.

"नही, माय. मीच थांबाडी."

डिंपलचा धीर सुटला. तिनं समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "अर्धं चार्जिंग शिल्लक आहे. घर आलंय जवळ. आणि तुम्ही त्यांना उन्हात भाजत आणलंत! नक्की कशाची भीती वाटते तुम्हाला?"

ललितच्या घरात पोळ्या मोजत नसत, तशी माणसाची वर्षंही मोजत नसत. मोजलं की घटतं, हे भागाबाईनंच त्याला लहानपणी हातावर चापट मारून शिकवलं होतं. आणि या गाडीचा हिशेब तर तिची वर्षं मोजल्याशिवाय होतच नव्हता. आई किती वर्षं असेल, हे विचारायची त्याची छाती नव्हती. म्हणून तो ज्याला त्याला, गाडी किती जाते, ते विचारत सुटला होता.

"कितला वरीसमा पैसा वसूल व्हतीन?" भागाबाईनं विचारलं. काल ती ओट्यावरच बसलेली होती.

"ऱ्हाऊ दे ना ते, माय."

"सांग."

"पाच," तो म्हणाला, आणि तिच्या हातावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. "पाच वरीस, माय. मी सुकदेवले 'हो' कसा म्हनू?"

आता आई रागावणार, असं डिंपलला वाटलं. पण भागाबाईनं दुसरा हात उचलून ललितच्या केसांवर ठेवला.

"तू गाडी ले," ती म्हणाली. "दवाखानामा मन्हा बाजूना पलंगवर आपला गावनी पुष्पाबाई ऱ्हास. डायलिसिस व्हयनं का एकलीच एस्टीनी वाट देखत उभी ऱ्हास. शुक्रवारपाइन तिले बी संगे लई चाल. आन मन्हा मांगे बी धुळ्याना मंगळवार चुकाडजो नको. तिले पोऱ्या नही."