सव्वादोन

दाराची बेल दाबताना तिने घड्याळ पाहिलं. दोन वाजून सहा मिनिटं. पाच मिनिटांत रक्त घेऊन सटकायचं, हे तिने जिना चढतानाच ठरवलं होतं. सव्वादोनच्या आत या घरातून बाहेर पडलं की सुटले.

सकाळी लॅबमध्ये दिवसभराच्या घरांची यादी हातात पडली, तेव्हा हा पत्ता तिने दोनदा वाचला. "एवढं एक घर तू घे, तुझी दोन मी करते," अशी तिने बरोबरच्या मुलीला गळ घालून पाहिली. "का गं? म्हातारा चावतो की काय?" ती म्हणाली. यावर काय सांगणार, कप्पाळ?

काकूंनी दार उघडलं आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, रक्त न्यायला आलेत. बघा तरी कोण आलंय ते."

"ये, सव्वादोन," खाटेवरून काका म्हणाले.

हे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे काका. पाच महिन्यांच्या दुखण्यात माणूस निम्मा झाला होता, बोटं तेवढी होती तशी लांबसडक राहिली होती. खाटेसमोर कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. चर्चच्या पाळकांनी काकांसाठी प्रार्थनेची साखळी लावून दिली होती, तिचा तक्ता. रोज सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, प्रत्येकाची पंधरा मिनिटं. सकाळच्या वेळा लोकांनी पटापट उचलल्या. सव्वादोन ते अडीच कुणालाच नको होते. तेव्हा हिनेच हात वर केला होता, सगळ्यांच्या देखत.

पहिले दोन दिवस तिने स्कूटर बाजूला लावली, डोळे मिटले आणि मनापासून प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशी जिना चढता चढता केली. चौथ्या दिवशी एका पोराने सुई बघून भोकाड पसरलं, त्यात राहूनच गेली. मग महिनाभर रोज खिशात गजर वाजायचा आणि तिचा अंगठा न बघताच तो बंद करायचा, कानाशी आलेला डास हाकलावा तसा. रविवारी काकू भेटल्या की मात्र ती तोंड भरून सांगायची, "रोज करते हो, काकू."

कोणकोणत्या तपासण्या आहेत ते वाचायला तिने फोन खाटेवर ठेवला आणि काकांच्या दंडाला पट्टा बांधला. शीर काही सापडेना.

"सकाळच्या गोळीचा जोर दोनपर्यंत टिकतो," काकू सांगत होत्या. "पुढची गोळी तीनला. मधला हा तास म्हणजे जीव नकोसा होतो त्यांना. पण खरं सांगू? तुझ्या वेळेला शांत पडून असतात. हूं नाही की चूं नाही." एवढं बोलून त्या सरबत करायला आत गेल्या. हिला मान वर करवेना.

तिसऱ्या खेपेला शीर सापडली. सुई आत गेली, नळीत रक्त उतरू लागलं, आणि गजर वाजला. एका हातात सुई, दुसऱ्यात नळी. फोनवर ठसठशीत अक्षरं उमटली होती, 'काकांसाठी प्रार्थना'. काकांनी ती वाचली.

"बंद करते हं, एक मिनिट."

"वाजू दे की. सूर जरा वरचा लागलाय, पण चालेल."

महिन्यात पहिल्यांदाच तो गजर पुरता वाजला. तोवर नळी भरली. तिने सुई काढली आणि कापूस दाबला. एरवी या क्षणी ती म्हणायची, "कापूस जरा तुम्हीच दाबून धरा," आणि पुढच्या घरासाठी बॅग आवरायला लागायची.

"काका, मी करत नाही," ती म्हणाली.

"काय करत नाहीस?"

"प्रार्थना. महिना झाला. गजर बंद करते आणि पुढे जाते. काकूंना खोटं सांगते."

काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं.

"मला वाटलंच होतं. खिडकीतून दिसतेस ना मला अधूनमधून, रस्त्याने जाताना. एका हातात बॅग, एका हातात पाव, आणि चालता चालता जेवण."

"मग काकू म्हणतात ते? माझ्या वेळेला तुम्ही शांत..."

"तेव्हा मी तुझ्यासाठी करत असतो. दुसऱ्याचं मागत बसलं की आपलं दुखणं जरा मागे सरतं. तुझी पंधरा मिनिटं मला बरी जातात, पोरी."

तिने कापूस दाबूनच धरला. मग तिने विचारलं, "काय मागता माझ्यासाठी?"

"तुला चणचण कशाची आहे? वेळ मागतो."

एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. त्यांचे मागचे सगळे रिपोर्ट तिच्या लॅबमधूनच गेले होते. त्यांच्या स्वतःकडे किती वेळ उरला आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फोन पुन्हा वाजला. लॅब. पुढचं घर खोळंबलं असणार. तिने तो वाजू दिला आणि डोळे मिटले. 'प्रभू' म्हणाली, आणि पुढचा शब्दच सुचेना. पुन्हा 'प्रभू' म्हणाली. अंगठा कापसावर तसाच होता.

काकू सरबताचे पेले घेऊन आल्या. "अगं, अजून रक्त थांबलं नाही का?"

"नाही, काकू," ती डोळे न उघडता म्हणाली. "वेळ लागेल."