मुहूर्ताबाहेरचं बाळ

शर्वाणीने गुरुजींनी काढलेला दुसराही मुहूर्त नाकारला, तेव्हा सासूबाई वैतागल्या. "अगं, हल्ली कळा कोण सोसतं? सगळ्यांची बाळं मुहूर्तावर ऑपरेशननेच होतात."

"आणि सगळ्यांना जन्मल्याजन्मल्या श्वासाचं यंत्र लावतात. आई, कळांमुळे बाळाच्या अंगात संप्रेरकं वाढतात आणि फुप्फुसातलं पाणी ओसरतं. माझं बाळ आपला श्वास आपण घेईल."

"नाही घेतला तर?"

ही भीती शर्वाणीलाही होतीच. तरीही ती कळा येईपर्यंत थांबली, आणि आल्यावर दात आवळून त्या सोसत राहिली.

बाळ बाहेर आलं आणि त्याने टाहो फोडला. तरुण नर्स घाबरली. नुकतं जन्मलेलं बाळ रडताना तिने कधी ऐकलंच नव्हतं. श्वासाच्या यंत्राची नळी घेऊन ती धावली.

शर्वाणीने तिचं मनगट धरलं. "ठेव ती बाजूला. रडतोय तो, रडू दे."