माजी सैनिकांची रांग

“गावातल्या माजी सैनिकांनी पुढे यावं,” झेंडावंदनाला सरपंचांनी माईकवरून सांगितलं, तशा एस्तेरबाई काठी टेकत उठल्या.

शेजारी बसलेल्या सुनेनं त्यांचा हात धरला. “आई, सैनिकांना बोलावलंय.”

“ऐकलं मी,” म्हणत त्या चालू लागल्या.

पन्नासच्या वर वर्षं गाव त्यांना पाळकबाई म्हणूनच ओळखत होतं. चर्चचे पाळक असलेल्या नवऱ्याच्या, रेव्हरंड आल्हाटांच्या, सायकलवर मागे बसून त्या वस्त्यावस्त्यांवर हिंडल्या होत्या. बाळंतपणं केली होती, चर्चमध्ये पेटी वाजवली होती आणि गेल्या साली नवऱ्याला मातीही दिली होती. त्याआधी त्या काय करत, हे कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. आज मात्र माईकवरूनच विचारणा झाली होती.

रांगेत चार म्हातारे उभे होते. पुढच्या सुभेदार जगदाळ्यांनी टोपी सारखी करत अदबीनं विचारलं, “बाई, पाळकसाहेब फौजेत होते का?”

“ते देवाच्या चाकरीत होते. फौजेत मी होते. पासष्टच्या लढाईत सरहद्दीवरच्या लष्करी इस्पितळात जखमी जवान सांभाळले. लग्नासाठी नोकरी सोडली, तेव्हा कॅप्टन होते.”

सुभेदारांनी टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला आणि ते एक पाऊल मागे सरकले. “मॅडम, मग पहिली जागा तुमची.”

एस्तेरबाईंनी मान लववून सॅल्यूट स्वीकारला, त्या रांगेत सगळ्यांच्या पुढे ताठ उभ्या राहिल्या आणि सरपंचांना म्हणाल्या, “करा सुरू. पोरं उन्हात उभी आहेत.”