वरचा थर

मलेरियाची गोळी अस्सल की बनावट, हे कुमासीच्या प्रयोगशाळेत औषधं तपासणाऱ्या डुफीचं मास स्पेक्ट्रोमीटर यंत्र डोळ्याचं पातं लवण्याआधी सांगायचं. गोळी फोडायला नको की कुटायला नको, वरचा थर तपासला की झालं. सकाळच्या रेडिओवर तिने हे मोठ्या कौतुकाने साऱ्या गावाला समजावून सांगितलं, तेव्हा बाजारातल्या बायका तिला हाका मारून म्हणाल्या, "मॅडम, आता आमच्या लेकरांची काळजी मिटली बघा!"

डासांचे दिवस आले आणि तीच लेकरं तापाने दगावू लागली. त्यांच्या घरातल्या उरलेल्या गोळ्या डुफीने पुन्हा पुन्हा यंत्राखाली धरल्या, पण एकूण एक गोळी अस्सल निघाली.

"गोळी खरी म्हणता, मग माझं पोर गेलं कसं?" एका आईने दारात उभं राहून विचारलं.

डुफीने यंत्राखालची गोळी उचलली. हातातली गोळी तिने रागारागाने मोडली. आत नुसता खडू होता. औषध होतं ते वरच्या पातळ मुलाम्यात.

पोलिसांनी त्या गोळ्या बनवणाऱ्या बारिमाला पकडून आणलं, तेव्हा डुफी त्याच्या अंगावर धावूनच गेली. "मेल्या, ही असली अक्कल तुला शिकवली कुणी?"

आवाज ऐकताच बारिमा चमकला आणि अदबीने उठून उभा राहिला.



"रेडिओवर बोलल्या होत्या, त्या मॅडम तुम्हीच ना?"